‘स्टक’ आणि ‘स्ट्रँडेड’: दोन्ही ‘अडकले’, पण फरक आहे!

आजचा शब्द आहे ‘स्टक’. अर्थ सोपा आहे: अडकलेला, जागचा हलू न शकणारा. ‘स्टिक’ म्हणजे चिकटणे, त्याचंच हे रूप. म्हणजे कशाने तरी धरून ठेवलंय.

हिंगणघाटकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरचं चाक फसलं, की झालं: ‘द ट्रॅक्टर इज स्टक इन द मड.’

पुढचा छोटा शब्द बदलला की अर्थ बदलतो. जागा सांगायची तर ‘इन’. पेपरात एखाद्या प्रश्नावर गाडी अडली तर ‘स्टक ऑन क्वेश्चन फाइव्ह’. नको ती गोष्ट गळ्यात पडली तर ‘स्टक विथ’.

आता दोन चुका टाळा. ‘स्ट्रक इन ट्रॅफिक’ म्हणू नका; ‘स्ट्रक’ म्हणजे मार किंवा धडक बसलेला. आणि ‘आय ॲम स्टक-अप’ तर मुळीच नको! त्याचा अर्थ होतो, ‘मी फार शिष्ट आहे.’

मग ‘स्ट्रँडेड’ म्हणजे काय? ‘स्ट्रँड’ हा किनाऱ्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द. किनाऱ्याला लागून बसलेलं जहाज ते ‘स्ट्रँडेड’. माणसाबद्दल वापरला, तर हातपाय चालतात, पण पुढे जायला साधन नाही. वणा नदीला पूर आला, एसटी बंद झाली, तर स्टँडवरचे प्रवासी ‘स्ट्रँडेड’.

हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हिंगणघाटवरून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावर मजूर पायी चालत होते. पाय थांबले नव्हते, गाड्या थांबल्या होत्या. २९ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने ‘स्ट्रँडेड’ लोकांना गावी जायची परवानगी दिली. त्यात मजूर, विद्यार्थी, यात्रेकरू, पर्यटक होते. पण ३ मे रोजी गृहसचिवांनी राज्यांना पत्र पाठवून खुलासा केला: लॉकडाऊनच्या अगदी आधी बाहेर पडले आणि परतू शकले नाहीत, त्यांच्यासाठीच ही सोय, कामासाठी एरवीच बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी नाही.

म्हणजे घरी जायला मिळणार की नाही, हे एका शब्दाच्या अर्थावर आलं! मराठीत आपण दोघांनाही ‘अडकले’ म्हणतो. इंग्रजीत बोलताना मात्र स्वतःला विचारा: कशाने धरून ठेवलंय, की जायला साधनच नाही? पहिलं ‘स्टक’, दुसरं ‘स्ट्रँडेड’.

आज दोन्हींचं एकेक वाक्य मोठ्याने म्हणून बघा. भेटू पुढच्या भागात!