शाळेत साप दाखवण्यापूर्वी
राळेगाव तालुक्यात कपाशीच्या पेरणीबरोबर सर्पदर्शन नित्याचे होते आणि शाळेत जिवंत साप आणावा अशी सूचना पुढे येते. हेतू स्तुत्य असला, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग-धामणीसारखे साप पकडून त्यांचे खेळ करण्यास मज्जाव आहे, हे ध्यानी घेतलेच पाहिजे. जिवंत साप सहलीत, पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानात, सुरक्षित अंतरावरून पाहावा. वर्गात मात्र धामणीची अखंड कात आणावी: पोटाकडील रुंद खवले आणि डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण न्याहाळताना, सापाला पापण्या नसतात हे पहिलीतले मूलही बोट ठेवून सांगते, आणि याहून उत्तम अध्यापन मला ठाऊक नाही. कातीवरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. म्हणून साबणाने हात धुण्याचा बंदोबस्त आधीच करावा.