टिकलेला संसार आणि सुखाचा संसार : काही गैरसमज व वस्तुस्थिती

विवाहाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ‘स्थैर्य’ आणि ‘समाधान’ या दोन संज्ञा कटाक्षाने वेगळ्या ठेवतात. विवाह कायद्याने व व्यवहाराने अभंग राहणे म्हणजे स्थैर्य, तर त्या सहजीवनाविषयी पती आणि पत्नी या दोघांची स्वतःची जी धारणा असते ते समाधान. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस स्थैर्याची साक्ष देतो; समाधानाविषयी तो काहीच सांगत नाही. दीर्घ संसाराबद्दलच्या बहुतेक रूढ समजुती या दोन गोष्टींची गल्लत केल्याने निर्माण झाल्या आहेत.

गैरसमज १ : घटस्फोट कमी, म्हणजे संसार सुखाचे.

वस्तुस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात घटस्फोटितांची संख्या सुमारे १३.६ लाख, म्हणजे विवाहितांच्या तुलनेत जेमतेम ०.२४ टक्के होती. परंतु घटस्फोट न घेता विभक्त राहणाऱ्यांची संख्या त्याच्या अडीचपटींहून अधिक होती. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतरच आली, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. मायकेल जॉन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने विवाहातील बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले आहेत : जोडीदार हवासा वाटतो म्हणून राहणे ही वैयक्तिक बांधिलकी, लग्न मोडणे अनुचित वाटते म्हणून राहणे ही नैतिक बांधिलकी, आणि मुले, घर, पैसा किंवा लोकलज्जा यांमुळे बाहेर पडणे अवघड असते म्हणून राहणे ही संरचनात्मक बांधिलकी. बाहेरून पाहता तिन्ही संसार सारखेच टिकलेले दिसतात. त्यांच्या आतले हवामान मात्र एकसारखे नसते.

गैरसमज २ : गुण जुळले आणि स्थळ योग्य निवडले की पुढचे आपोआप सुरळीत होते.

वस्तुस्थिती : पत्रिकेतील ३६ गुणांची जागा आता अनेक घरांत ‘स्वभाव जुळणे’ या कसोटीने घेतली असली, तरी सुख निवडीच्या वेळीच ठरते ही कल्पना दोन्हींच्या मुळाशी आहे. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतील हजारो दांपत्यांच्या माहितीवर आधारित २०१० च्या एका अभ्यासात, पतिपत्नींच्या स्वभावातील साम्यामुळे समाधानातील फरकाचा अर्धा टक्काही उलगडत नाही, असे आढळले. समंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४३ अभ्यासांतील ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा व्यक्तींच्या स्वभावविशेषांपेक्षा नात्यासंबंधीच्या जाणिवा समाधानाशी कितीतरी घट्ट निगडित दिसल्या. जोडीदार या नात्याशी बांधील आहे असे वाटणे, त्याच्याविषयी कृतज्ञता असणे, शरीरसंबंधातील समाधान आणि संघर्षाचे प्रमाण या त्यांपैकी प्रमुख बाबी होत.

‘प्रेमविवाह की ठरवून केलेले लग्न’ हा वादही याच गृहीतकावर उभा आहे. ठरवून केलेल्या लग्नांत प्रेम वर्षागणिक वाढत जाते, याचा पुरावा म्हणून जयपूर येथे झालेला १९८२ चा एक अभ्यास वारंवार पुढे केला जातो. पण त्यात अवघी ५० जोडपी होती आणि एकाच जोडप्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याऐवजी लग्नाला कमीअधिक काळ झालेल्या निरनिराळ्या जोडप्यांची तुलना केली होती. अमेरिकेतील भारतीय वंशाच्या विवाहितांच्या २०१२ च्या अभ्यासात, तोही लहानच असला तरी, दोन्ही पद्धतींत प्रेम वा समाधान यांबाबत लक्षणीय फरक दिसला नाही.

गैरसमज ३ : सुखी जोडपी भांडत नाहीत.

वस्तुस्थिती : सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या संभाषणांची चित्रणे अनेक वर्षे अभ्यासली, आणि मतभेदांपैकी सुमारे ६९ टक्के कायमस्वरूपी, म्हणजे स्वभाव व जीवनदृष्टी यांतील भेदातून उद्भवणारे आणि पूर्णतः न सुटणारे असतात, असा निष्कर्ष काढला. सुखी जोडप्यांतही हे मतभेद असतात. त्यांच्या वादात एका कटू प्रतिसादामागे साधारण पाच स्नेहाचे प्रतिसाद, जसे हसणे, मान डोलावणे, दुसऱ्याचे म्हणणे अंशतः मान्य करणे, आढळतात. गॉटमन यांनी चार वर्तने घातक मानली : जोडीदाराच्या व्यक्तिमत्त्वावरच टीका, तुच्छता, प्रत्येक वेळी स्वतःचा बचाव, आणि संवादातून अंग काढून घेणे, ज्याचे मराठी घरांतले परिचित रूप म्हणजे अबोला. त्यांतही टोमणे, नक्कल आणि उपहास यांतून प्रकटणारी तुच्छता सर्वांत घातक ठरते. मात्र काही मिनिटांच्या चित्रणावरून घटस्फोटाचे नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक भाकीत करता येते, या बहुचर्चित दाव्यावर इतर संशोधकांनी पद्धतीविषयक आक्षेप घेतले आहेत, कारण ते सूत्र ज्या माहितीवर बेतले तिच्यावरच पडताळले गेले होते.

गैरसमज ४ : एकाने सोसले की संसार टिकतो.

वस्तुस्थिती : हा ‘एक’ बहुधा स्त्रीच असतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे; शिवाय पुरुषांपैकी सुमारे एक चतुर्थांशच ते करत होते. त्याग नात्याला मारकच असतो असे नाही. त्यामागचा हेतू निर्णायक ठरतो. एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, जोडीदाराला आनंद व्हावा म्हणून केलेली तडजोड समाधानाशी, तर भांडण टळावे म्हणून केलेली तडजोड नकारात्मक भावना आणि कलहाशी निगडित आढळली. मारहाण, धमकी किंवा आर्थिक कोंडी सहन करणे ही तर तडजोडच नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाला हिंसाचारच मानतो.

गैरसमज ५ : मूल झाले की बेबनाव मिटतो.

वस्तुस्थिती : २१८ अमेरिकी जोडप्यांचा आठ वर्षे मागोवा घेणाऱ्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या अपत्यानंतर समाधानात एकाएकी घट झाली, अपत्यहीन जोडप्यांतही ते घटले, पण हळूहळू. मुलामुळे स्थैर्य वाढू शकते. समाधान त्याच्या पाठोपाठ येईलच असे नाही.

यांतील बरेचसे संशोधन पाश्चात्त्य जोडप्यांवर झालेले असल्याने, सासू-सासऱ्यांसह नांदणाऱ्या घरांना ते जसेच्या तसे लागू करता येणार नाही. तरीही त्यातील एक निरीक्षण कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. जोडीदाराचे लक्ष वेधण्यासाठी सहज उच्चारलेला शब्द किंवा केलेली खूण, मग ती पावसाविषयी असो वा आमटीच्या चवीविषयी, गॉटमन यांनी ‘साद’ या अर्थाने अभ्यासली. नवविवाहितांच्या सहा वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात, ज्यांचे विवाह टिकले त्यांनी सुरुवातीला अशा सुमारे ८६ टक्के सादांना प्रतिसाद दिला होता, आणि जे वेगळे झाले त्यांनी सुमारे ३३ टक्के. ज्या हाका ऐकूनही सोडून देता येतात, त्यांना ओ देण्याची सवय कोणत्याही पत्रिकेत पाहता येत नाही. ती लग्नानंतर, दोघांनाच लावून घ्यावी लागते.