शर्करा, साखर, शुगर

संस्कृतातल्या ‘शर्करा’ या शब्दाने फार लांबचा प्रवास केला. फारसीत तो ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ झाला आणि युरोप फिरून इंग्रजीत ‘शुगर’ झाला. गेल्या दोन-तीन पिढ्यांत तोच शब्द आपल्याकडे परत आला, तो रोगाचे नाव होऊन. डब्यात असते ती साखर आणि ‘त्यांना शुगर आहे’ म्हणतो तो मधुमेह. एकाच शब्दाची ही दोन रूपे मराठी घरात एकत्र नांदतात. मधल्या काळात आपल्या ताटात काय बदलले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

जुन्या घरांतून आल्यागेल्याला गूळपाणी मिळे. साखर सणासुदीची, श्रीमंताघरची. ‘साखरपुडा’, ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ हे शब्दप्रयोग त्या अपूर्वाईतून आलेले आहेत. पुढे दोन गोष्टी घडल्या. चहा घरोघरी पोचला. आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या वाटेने राज्यभर कारखाने झाले, ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारण आणि राजकारण उसाभोवती फिरू लागले. साखर वाण्याकडची रोजची वस्तू झाली. दुसरीकडे ज्वारी-बाजरीच्या भाकरीची जागा पोळीने आणि पांढऱ्या भाताने घेतली. गोडाची चर्चा आपण करतो. या दुसऱ्या बदलाची फारशी करत नाही. पिठूळ अन्नातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. पचनात त्या तुटतात आणि रक्तात ग्लुकोजच जाते. जिभेला गोड न लागणारा भातही रक्तातली साखर वाढवतो, तो यामुळे.

मी आमच्या स्वयंपाकघराचाच हिशेब मांडून पाहिला. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर येत होती. म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम. यात बिस्किटे, जाम, बाहेरचा चहा आणि गूळ धरलेला नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा रोज २० ते २५ ग्रॅम आहे. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नये, असेही त्या सांगतात. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री आमटीभात, हा आपला साधा दिवस. ‘आम्ही गोड खातच नाही’ म्हणणाऱ्या घरातही ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ मधले आकडे सर्वांना ठाऊक झाले आहेत : देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, असे त्यात दिसले. त्यातला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पांढऱ्या भाताऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले, तर धोका कमी झालेला आढळला नाही. तो कमी दिसला तो कर्बोदकांचा थोडा हिस्सा डाळी-कडधान्ये आणि दूधदुभत्यातल्या प्रथिनांना दिल्यावर.

साखर सोडून गूळ धरणाऱ्यांनी आणि पोळीऐवजी तीन भाकऱ्या खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शंभर ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम शर्कराच असते. ज्वारीत तंतू आहेत, ती पांढऱ्या तांदळापेक्षा उजवी आहे. पण तिच्यातही दोन तृतीयांश भाग कर्बोदकांचा. उपासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीतले दाण्याचे कूट हाच तिचा पौष्टिक भाग.

‘मी तर काटकुळा, मला काय होणार?’ या प्रश्नाचे उत्तर पुण्यातून आले आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. दोघांचा निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. वजनकाटा एवढे सांगत नाही.

मग करायचे काय? ताट मोडायचे नाही, त्यातली मापे बदलायची. एक वाटी भात कमी आणि एक वाटी उसळ जास्त. कोशिंबीर डाव्या बाजूला चिमूटभर न राहता वाटीभर व्हावी. खाण्याच्या क्रमालाही अर्थ आहे. भाजी आणि प्रथिने आधी, पिठूळ पदार्थ नंतर खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे मधुमेहींवरच्या छोट्या प्रयोगांत दिसले आहे. आपली पंगत वरणभाताने सुरू होते. घरी तो शेवटी घ्यायला हरकत नाही. चहातली साखर पाव-पाव चमचा उतरवली की जीभ काही आठवड्यांत रुळते. आमच्याकडे पाच किलोची अडीच किलो झाली, ती अशीच. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-पोळी एकदम कमी करू नये. औषध तेवढेच आणि अन्न कमी झाले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

हा सल्ला सर्वांना सारखाच परवडतो असे मात्र नाही. अन्नसुरक्षा कायद्याखाली बहुतेक शिधापत्रिकांवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून मोफत. भुकेविरुद्ध ही मोठी गोष्ट आहे. पण त्यात डाळ नाही. तांदूळ-गहू फुकट आणि तूरडाळ बाजारभावाने, अशा घराला ‘भात कमी करा’ सांगणे म्हणजे ‘कमी जेवा’ सांगणे. शिध्यात डाळ आणि शाळेच्या आहारात अंडे, ही मधुमेहाविरुद्धचीच उपाययोजना आहे.

आणि एकाच घरातही ताटे सारखी नसतात. सर्वांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला पोळी आणि भात उरतो. उसळीचे पातेले तळाला गेलेले असते. ‘तिला हल्ली शुगर निघाली’ म्हणताना तिच्या ताटात रोज काय येत होते, हे कोणी पाहिलेले नसते. दिवाळीच्या चार दिवसांतल्या करंजी-अनारशांचा धसका घेण्याचे कारण नाही. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत वाटीभर उसळ तिच्यासाठी आधी बाजूला काढून ठेवली जाते का, हे पाहणे जास्त गरजेचे आहे.