आजोबांचं एचएमटी फक्त पट्ट्यासाठी कपाटात पडून आहे? पट्टा बदलण्याआधी एवढं वाचा

लग्नात जावयाला घड्याळ द्यायची पद्धत एकेकाळी गावोगावी होती. त्यातली कितीतरी घड्याळं आजही बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांमध्ये कपाटाच्या कोपऱ्यात सापडतात. चावी दिली की टिकटिक सुरू होते, पण हातात घालता येत नाहीत. कारण पट्टा तुटलेला असतो.

त्यातलं एखादं एचएमटी असेल तर थोडं जपून. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीने १९६१ मध्ये बेंगळुरूत घड्याळांचा कारखाना सुरू केला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याला मंजुरी दिली. म्हणजे पट्टा बाजारात कधीही मिळेल, पण जुन्या घड्याळाच्या डबीवर ओरखडा पडला किंवा तिचा कोपरा मोडला, तर तशीच डबी मिळणं कठीण. म्हणून पट्टा बदलण्याचं काम छोटं असलं, तरी ते नीट समजून करायला हवं.

पट्टा खराब का होतो?

घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. घाम चामड्यात मुरतो, त्यातलं मीठ आत राहतं. चामडं आधी कडक होतं, मग बक्कलजवळ भेगा पडतात. स्टीलची चेन कुजत नाही, पण तिच्या कड्यांमध्ये घाम आणि धूळ साचते. पट्टा धरून ठेवणारी बारीक पिनही घामाने गंजते. पट्टा चांगला दिसत असतानाही घड्याळ अचानक हातातून पडतं, ते अनेकदा या पिनेमुळे.

ही पिन नेमकी काय असते?

घड्याळाच्या डबीला वर दोन आणि खाली दोन असे चार पाय असतात. त्यांना ‘लग’ म्हणतात. समोरासमोरच्या दोन पायांमध्ये एक पोकळ नळी बसते. तिच्या आत स्प्रिंग असते आणि टोकं आत-बाहेर होतात. हीच ‘स्प्रिंग बार’, म्हणजे दुकानात मिळणारी पट्ट्याची पिन. टोक दाबलं की पिन सुटते, सोडलं की पायातल्या छिद्रात जाऊन बसते. पट्टा बदलणं म्हणजे एवढंच. घड्याळाचं मागचं झाकण उघडावं लागत नाही, त्यामुळे मशीनला हात लागत नाही.

माप कसं घ्यायचं?

दोन पायांमधलं आतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. जुना पट्टा मोजू नका, तो वापरून आक्रसलेला असू शकतो. १८, २० आणि २२ मिमी ही मापं सर्रास मिळतात. माप कमी घेतलं तर पट्टा सरकत राहतो, जास्त घेतलं तर कडा चुरगळतात. पिनही त्याच मापाची हवी. ती आखूड असेल तर आत्ता बसेल, पण एक दिवस दगा देईल.

कोणती हत्यारं लागतात?

• स्प्रिंग बार टूल : एका टोकाला बारीक दुबेळकं, दुसऱ्या टोकाला सुईसारखी काडी. ऑनलाइन स्वस्तात मिळतं.
• मऊ कापड आणि चिकटपट्टी.
• नव्या पिनांची जोडी. पट्टा नवा तर पिनाही नव्या.

चाकू, कात्री किंवा ब्लेड वापरू नका. ते निसटलं की एकतर डबीवर ओरखडा पडतो, नाहीतर बोट कापतं.

पट्टा कसा बदलायचा?

१. घड्याळ कापडावर पालथं ठेवा. पायांच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत.
२. पट्टा आणि पाय यांच्या फटीत दुबेळकं घाला. पिनेच्या टोकाजवळची कड त्यात अडकवा, ती पट्ट्याच्या दिशेने दाबा आणि पट्टा हळूच उचला. पायांना बाहेरून आरपार छिद्रं असतील, तर काडीने बाहेरून दाबलं तरी चालतं.
३. पिन उडून हरवण्याची भीती असेल, तर हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा.
४. बक्कल असलेला छोटा तुकडा १२ च्या बाजूला आणि छिद्रांचा लांब तुकडा ६ च्या बाजूला लावा.
५. नव्या पिनेचं एक टोक छिद्रात बसवा, दुसरं दाबून सरकवा. बारीकसा ‘टक’ आवाज यायला हवा. मग दोन्ही तुकडे ओढून पाहा. ही चाचणी केल्याशिवाय घड्याळ हातात घालू नका.

चेन सैल असेल तर?

आधी बक्कलजवळची बारीक छिद्रं पाहा. पिन एक घर सरकवूनही काम भागतं. नाही भागलं, तर कड्या काढाव्या लागतात. अनेक चेनच्या आतल्या बाजूला बाण असतो. पिन त्या दिशेने ठोकून बाहेर काढायची आणि बसवताना उलट दिशेने आत घालायची. पिन कोणत्या टोकाने बाहेर आली, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढा, नाहीतर बक्कल मनगटाच्या एका बाजूला जातं. उरलेल्या कड्या जपून ठेवा. कड्यांना पिनांऐवजी स्क्रू असतील, तर ठोकू नका. नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा.

स्मार्टवॉचचं काय?

अनेक स्मार्टवॉचच्या पट्ट्याखाली छोटी कळ असते. ती नखाने सरकवली की पिन सुटते, हत्यार लागत नाही. काही कंपन्यांची खाच मात्र वेगळी असते. तिथे त्या मॉडेलसाठीच बनवलेला पट्टा घ्यावा लागतो.

दुकानात कधी जायचं?

पिन गंजून अडकली असेल, पायाचं छिद्र मोठं झालं असेल किंवा पायात पिनेऐवजी पक्की जोडलेली तार असेल, तर जोर लावू नका. अशा वेळी गावातल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात जा. तिथल्या कारागिराचे काही रुपये वाचवण्याच्या नादात पाय मोडला, तर आजोबांचं घड्याळ पुन्हा कपाटातच जाईल.