भिंतीच्या आतील कोपऱ्याचा गिलावा

शाळागृहाची किंवा घराची डागडुजी निघाली म्हणजे गवंडी सपाट भिंती लवकर उरकतो. त्याचे खरे कसब आतील कोपऱ्यात दिसते. दोन भिंती मिळतात तेथे थापी फिरवावयास जागा नसते. एक बाजू सारखी करावी, तर दुसऱ्या ओल्या बाजूवर थापीची कड उमटते. म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी गुळगुळीत करू नयेत.

प्रथम सुटी माती व जुना पोपडा खरवडून काढावा आणि भिंत पाण्याने भिजवावी. ओळंबा धरून एका भिंतीचा गिलावा करावा व कोपऱ्याशी त्याची कड सरळ कापावी. तो आवळल्यावर दुसरी भिंत घ्यावी. शेवटी अरुंद थापी वरून खाली एकाच दमात ओढावी. सिमेंटच्या गिलाव्यास आतील बाजूस सुमारे 12 मिलिमीटर जाडी पुरते. एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू हे प्रमाण रूढ आहे. नंतर निदान सात दिवस पाणी मारावे. मातीच्या गिलाव्यात निव्वळ काळी माती वापरू नये. ती वाळताना आकसते व कोपऱ्यात प्रथम फाटते.

कोपरा काटकोनात आहे किंवा नाही हे मुलांकडूनही तपासून घेता येते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 30 व दुसरीवर 40 सेंटिमीटरवर, सारख्याच उंचीवर, खुणा कराव्या. दोन खुणांमधील सरळ अंतर 50 सेंटिमीटर भरले, तर कोन बरोबर आहे. भूमितीचा पाठ अशा रीतीने भिंतीवरच होतो.

परंतु कोपरा सुबक झाला म्हणजे तो मजबूत झाला असे नव्हे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला व लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती मातीत रचलेल्या जाड दगडांच्या होत्या व वर माळवदाचा भार होता. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना जोडणारे लांब दगड नव्हते. कोपऱ्यांतही भिंती एकमेकींत नीट गुंतविलेल्या नव्हत्या. हादरा बसताच भिंती फुटल्या व माळवदे खाली आली. वरचा गिलावा असे सांधे झाकतो, बांधीत नाही.

म्हणून कोपऱ्यातील भेग बुजविण्यापूर्वी ती ओळखावी. केसासारखी व केवळ गिलाव्यातील भेग बहुधा लवकर वाळल्यामुळे पडते. ती खरवडून पुन्हा भरता येते. जी भेग दगडविटांपर्यंत जाते, वर रुंद व खाली अरुंद होते, किंवा बुजवूनही पुन्हा उमटते, ती दोन भिंती अलग होत असल्याची खूण समजावी. नांदेड-लातूरकडील काळ्या जमिनीवर पावसाळ्यात माती फुगते व उन्हाळ्यात आकसते. तेणेकरूनही पाया हलून अशा भेगा पडतात.

शिक्षकांनी भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी व दर महिन्यास पाहावे. भेग रेघेपुढे गेली किंवा रुंदावली, तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागास लेखी कळवावे. भेग भिंतीतून आरपार दिसत असेल, तर महिनाभर वाट न पाहता लगेच कळवावे आणि तपासणी होईपर्यंत त्या खोलीत मुलांना बसवू नये. तोवर तेथे नवा गिलावा करणे म्हणजे धोक्याची सूचना स्वतःच्या हाताने पुसून टाकणे होय.