विंडोजशिवाय बायोसचे अपडेट

लिनक्स वापरणाऱ्यांची एक जुनी अडचण होती. बायोसची नवी आवृत्ती निघायची, पण ती चढवणारा प्रोग्रॅम बहुतेक वेळा फक्त विंडोजवर चालायचा. मग अनेक जण ती चढवतच नसत, आणि हे धोक्याचे होते. बायोस, म्हणजे आजच्या भाषेत यूईएफआय फर्मवेअर, मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये असते. डिस्क फॉरमॅट केली तरी तिथला दोष तिथेच राहतो. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेला ‘लोगोफेल’ असाच होता: संगणक सुरू होताना पडद्यावर येणाऱ्या लोगोचे चित्र वाचणाऱ्या कोडमध्येच भगदाड सापडले.

रेड हॅटमधील अभियंता रिचर्ड ह्यूज यांनी सुरू केलेले ‘एफडब्ल्यूअपडी’ हे मुक्तस्रोत साधन ही कोंडी फोडते. त्याच्या जोडीला ‘एलव्हीएफएस’ हे ऑनलाइन भांडार आहे. कंपन्या स्वतःच आपले फर्मवेअर तिथे ठेवतात. डेल सुरुवातीच्या काळातच आली, लेनोवो २०१८ मध्ये.

उबुंटू आणि फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्त्यांत हे साधन बहुधा आधीपासून असते. डेबियनवर नसेल तर ‘ॲप्ट’ने टाकता येते. टर्मिनलमध्ये त्याची ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ ही आज्ञा ‘गेट-डिव्हाइसेस’ जोडून दिली, की मदरबोर्ड, एसएसडी, कधी वायरलेस माउसचा रिसीव्हरसुद्धा आवृत्तीसह यादीत दिसतो. ‘रिफ्रेश’ने भांडारातली ताजी माहिती येते, ‘अपडेट’ने काम सुरू होते.

खरे कौशल्य पुढे आहे. उतरवलेल्या फाइलची डिजिटल सही आधी तपासली जाते. मग फर्मवेअर ‘कॅप्सूल’च्या रूपात डिस्कच्या ईएफआय विभागात ठेवले जाते. संगणक पुन्हा सुरू झाला की लिनक्स जागे होण्याआधीच जुने फर्मवेअर ती कॅप्सूल उघडते, कंपनीची सही पाहते आणि चिपवर नवी आवृत्ती लिहिते.

या काही मिनिटांत वीज गेली तर संगणक सुरूच न होण्याची भीती असते, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवाच. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी, कारण फर्मवेअर बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

अजूनही सुटे भाग जोडून बनवलेल्या अनेक डेस्कटॉपचे मदरबोर्ड या भांडारात सापडत नाहीत. अशा वेळी कंपनीच्या साइटवरून फाइल पेनड्राइव्हवर घेऊन बायोसमधूनच ती चढवावी लागते. नवा बोर्ड घेणाऱ्याने किमतीइतक्याच काळजीने त्याचे नाव एलव्हीएफएसच्या यादीतही शोधावे.