गणपती पेणचा, माती भावनगरची

पेण तालुक्यातल्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात शाडूच्या मातीचं पोतं सोडलं की आधी धूळ उडते, पिठासारखी बारीक, फिकट राखाडी. कारागीर ती चाळतो, भिजवतो आणि मनगटाच्या जोरावर मळत बसतो. बोटाला खडा लागला की हात थांबतो. खडा राहिला तर सोंड वाळताना नेमकी तिथेच तडकणार.

‘आपल्या मातीतला बाप्पा’ अशा पाट्या सगळीकडे लागतात, पण ही माती इथली नव्हे. ती गुजरातेतून, मुख्यतः भावनगरकडून येते. पेण तालुक्याच्या पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ आहे. तो झिजून झालेली माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. भाताला ती चालते, मूर्तीला नाही.

गंमत म्हणजे हाच कातळ गुजरातेतही आहे, पण खंभातच्या खोऱ्यात तो खचत खोल गेला. वरच्या खोलगटात समुद्र शिरला, नद्यांनी गाळ आणला. चिखल, वाळू, पुन्हा चिखल असे थर बसत गेले, काही ठिकाणी पाच किलोमीटरहून जाड.  भावनगर या खोऱ्याच्या पश्चिमेच्या काठावर, म्हणजे तिथली शाडूही अशीच साचलेली माती.

शाडू नैसर्गिक आणि पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, रासायनिक, ही वाटणी मला फारशी पटत नाही. पीओपीचं मूळ जिप्समही साचलेलंच, खारं पाणी आटून तळाशी उरलेलं. देशातलं बहुतेक राजस्थानात निघतं. दीडशे अंशांच्या आसपास भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं. त्या भुकटीत पाणी घातलं की ती ते परत शोषून दगड व्हायला लागते. म्हणून रबरी साच्यात ओतलं की तो लगेच गोल फिरवावा लागतो, आत काथ्या बसवावा लागतो. थोड्या वेळात साचा बाहेरून कोमट लागतो. शाडूची मूर्ती मात्र सावलीत दिवसचे दिवस वाळते.

खरा फरक मोडतोडीत दिसतो. शाडूचा तुटलेला कान पिंपात टाकला की सकाळी पुन्हा चिखल. पीओपीचे तुकडे शेडमागे ढिगाने पडून राहतात. त्यांची पुन्हा भुकटी करायची तर भट्टी हवी, आणि ती गावातल्या कारखान्यांत नसते.